आईच्या गोधडीवरच्या लाटा

प्रिय धाकटे,

तुझी गोधडी झाली एकदाची. तू फोनवर सांगितलंस तसं सगळं केलं, एक गोष्ट तेवढी माझ्या मनाची केली. आधी कामाचं सांगते, कारण "ताई, घोळ घालू नकोस हं," असं तू मला लहान मुलीसारखं बजावलं होतंस.

मोठ्या मशीनवर टाके घालून देणारी बाई आमच्या मागच्या गल्लीत, टायरच्या दुकानाच्या वर राहते. मशीन चांगलं पलंगाएवढं आहे. ती म्हणाली, थर एकमेकांना जोडून आणू नका, सुटेच आणा. वरचा तुकड्यांचा, मधला कापसाचा आणि खालचं अस्तर. दांड्यांवर ती ते वेगवेगळे ताणून लावते. कापूस आणि अस्तर चारी बाजूंनी वीतभर मोठं हवं, नाहीतर पकडायला काही उरत नाही. मी जेवणाचं टेबल भिंतीला सरकवलं, फरशी पुसली आणि आईने हाताने जोडलेला तो वरचा थर उलटा पसरून बसले. मागे नुसते दोरेच दोरे. फिक्या कापडाखाली गडद दोरा राहिला की वरून रेघ दिसते, म्हणून एकेक कापत गेले. गुडघ्यांनी जीव नकोसा केला. मग शिवणी इस्त्रीने दाबल्या, कडा उसवू नयेत म्हणून चहूबाजूंनी टीप मारली. मध्ये एक तुकडा फुगत होता, तो मात्र तसाच ठेवला. तो तुझ्या निळ्या फ्रॉकचा आहे, काखेजवळचा तिरका भाग. तिरकं कापड ताणतं हे आईला कळत नव्हतं थोडंच, पण त्या फ्रॉकचं तेवढंच धड उरलं होतं.

तुकडे मांडताना तिला पलंगावर कुणी बसलेलं खपायचं नाही. तू तेवढी चालायचीस. या राखाडीशेजारी हाच लाल का, असं तू विचारायचीस आणि ती हातातलं काम थांबवून सांगायची. मला कंटाळा यायचा, मी खेळायला पळायचे. म्हणून म्हणते, तू हे सगळं कुणाकडून शिकलीस ते मला दुसऱ्या कुणी सांगायला नको.

मग तुझं नाव झालं, मासिकात मुलाखत आली. आईने चष्मा पुसून ती बाबांना वाचून दाखवायला घेतली. फोटोतल्या सगळ्या गोधड्या तिच्याच, तू सुट्टीला येऊन एकेक नेलेल्या. त्यावरही ती हसलीच. पोरीचं भलं झालं, म्हणाली. पुढच्या एका ओळीवर थांबली. "आमच्या घरी कुणाला सुईत दोरासुद्धा ओवता येत नव्हता," असं तू म्हटलं होतंस. आईने मासिक मिटलं आणि चहा टाकायला उठली. बाबा म्हणाले, पुढचं वाच की. ती म्हणाली, एवढंच आहे. त्यानंतर तिने सुई हातात धरली नाही. ही गोधडी आईच्या आजारपणामुळे अर्धी राहिली असं तू धरून चालली आहेस. आजारपण पुष्कळ नंतर आलं. धाकटीला यातलं काही बोलायचं नाही, अशी तिने मला शपथ घातली होती. ती असेपर्यंत मी पाळली.

आणि मग तुझा तो फोन. प्रदर्शनात मधोमध हीच लावायची, कार्डावर तुझं एकटीचं नाव. टाके फिक्या दोऱ्याने, लाटांसारखे घालून घे, म्हणजे माझी रंगसंगती उठून दिसेल, असं म्हणालीस. माझी.

तर लाटा आहेत. मशीनवालीला मी लांबलचक कागदावर आईचं नाव लिहून दिलं. आडनाव नाही, नुसतं तिचं नाव, एकाला एक जोडून, या कडेपासून त्या कडेपर्यंत, वरपासून खालपर्यंत. तिने विचारलं, तुमच्या बहिणीला चालेल ना? म्हटलं, तिच्यासाठीच तर आहे. लांबून लाटा दिसतात, जवळ गेलं की वाचता येतं. आणि जाणकार माणसं जवळ जाऊनच बघतात. उसवायचं मनातही आणू नकोस. टाका सगळ्या थरांतून गेलाय, दोरा काढलास तर नावाच्याच आकाराची भोकं राहतील. गोधडी तुझ्या सांगण्याप्रमाणे बांधून थेट सभागृहात पाठवली. हे पत्र दारावरच्या माणसापाशी दिलंय, समारंभ सुरू झाल्यावर तुझ्या हातात ठेवायला. दया आली म्हणून लिहिलं असं समजू नकोस. हे नाव कुणाचं, असं कुणीतरी विचारणारच. तुला तेव्हाच कळलं असतं तर तू भांबावली असतीस आणि लोकांना तुझीच कीव आली असती. आता तुला सगळं ठाऊक आहे. जे सांगशील ते समजून-उमजून सांगशील. मी मागच्या रांगेत बसले आहे, बाबांना घेऊन. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं, तेव्हा जरा मोठ्याने सांग.

तुझीच,
ताई