हव

मंगळवार, संध्याकाळ

आईच्या तेरवीनंतर आज पहिल्यांदा नवा रायपूरला ऑफिसात गेलो. मोबाइल गेटवर जमा, बाहेरचे फोनही फक्त ऑफिसच्या कॉम्प्युटरवर घ्यायचे. आणि कॉम्प्युटर व्हर्च्युअल, म्हणून आवाज दूरच्या सर्व्हरला वळसा घालून येतो, तुटतो. तो टेबलावरच्या मशीनवरूनच सरळ जावा, एवढी सेटिंग माझ्याकडे महिनाभर पडून होती. आज केली. दहा मिनिटं लागली. टेस्ट कॉलमध्ये समोरच्याचा श्वाससुद्धा ऐकू आला.

ती गेली त्या दुपारी ऑफिसात तिचा फोन आला, तेव्हा मी विचारलं होतं, "आता बरं वाटून राहिलं ना?"

"हव..." मग नुसती खरखर.

मी हसलो. "हो चं हव! शेवटी छत्तीसगडी झालीस तू! झोप आता." आणि ठेवला.

आज घरी आलो तर शेजारच्या दीदी, त्या दिवशी तिच्याजवळ होत्या त्या, म्हणाल्या, "भैया, अम्मा तो फोन पर बोल रही थी, हवा नाही, हवा नाही. आपने सुना नहीं?"

हवा. तिला श्वास पुरत नव्हता. पुढचा काना तुटला. पण इतक्या वर्षांत ती कधी हव म्हणाली होती का? नेहमी हो म्हणायची. मग मला तेव्हाच कसं कळलं नाही?

दहा मिनिटांचं काम होतं. मले ऐकूच नाही आलं व माय.