आमचं फ्री जॅझ आणि बनाबाईंचा हुकूम

५ जानेवारी
आज आमच्या 'मोकाट' ग्रुपची स्थापना. मी सॅक्सोफोन, मल्हार बेस गिटार, शिवतेज ड्रम. मल्हार आमच्याच कारखान्यात लेथवर, शिवतेज शेजारच्या शेडमध्ये पॅकिंगला. दोघंही वरातीत वाजवून वाया गेलेले. फ्री जॅझमध्ये चाल ठरलेली नाही, ठेका ठरलेला नाही, त्या क्षणी सुचेल ते वाजवायचं, हे मी तासभर समजावलं. शिवतेज म्हणाला, "म्हंजे चुकलं तरी चालतंय? मग मला येतंय की." माणूस तयार होईल.

९ फेब्रुवारीला पुण्यात कार्यक्रम. अट एकच, आधी बसवलेलं काही वाजवायचं नाही. पुणं झालं की राजीनामा. सासऱ्यांच्या कारखान्यात सुपरवायझर आणि सासऱ्यांच्याच घरात वरचा मजला, हे आता पुरे. मामांना, म्हणजे सासऱ्यांना, आज जेवताना तोंडावर सांगणार.

जेवणानंतर
सांगितलं नाही. मटण होतं.

८ जानेवारी
गच्चीवर प्रॅक्टिस. मामा (लालासाहेब, रिटायर्ड सुभेदार) वर आले. म्हणाले, "जावईबापू, कुपवाड एमआयडीसीतला कुठला भोंगा बिघडलाय वो?" पुण्यासाठी रजा मागितली. म्हणाले, ऑर्डर हाय, जमायचं न्हाई. मी ठामपणे 'बरं' म्हणालो.

१२ जानेवारी
मल्हारच्या गावी, जतकडे. माळावर बिरोबाचं देऊळ, जवळ एकही घर नाही. प्रॅक्टिसला आदर्श जागा. अप्रतिम वाजलं. मल्हारची आजी बनाबाई नैवेद्य घेऊन आल्या होत्या, त्या ऐकता ऐकता घुमू लागल्या. कित्येक वर्षांत त्यांच्या अंगात आलं नव्हतं म्हणे. वस्तीवरची माणसं धावत आली, पाया पडली. देव बोलला, "ह्योच वाजाप मला जत्रंला पायजे!"
पहिलेच श्रोते, आणि एवढा प्रतिसाद. पुणेकर इतके हलतील असं वाटत नाही.

१४ जानेवारी
गावच्या जत्रा कमिटीच्या दादासोंचा फोन. जत्रा ९ फेब्रुवारीलाच. कलावंताने अशा वेळी स्पष्ट नकार द्यावा. 'बघतो' म्हणालो.

१५ जानेवारी
कारखान्यातले निम्मे कामगार त्याच भागातले. मामांच्या कानावर गेलंच. सगळ्यांसमोर म्हणाले, "देवाचं काम, आन् आधी सांगायचं न्हाई व्हय? नऊची रजा दिली. दरसाली दिली!" टाळ्या पडल्या.
लग्नानंतरची पहिली रजा. तिच्यावर गुपचूप पुण्याला जाणार. म्हातारा फसला.

१९ जानेवारी
नवीन काहीतरी ऐकवून गावाची समजूत काढायला गेलो. बनाबाईंनी मध्येच थांबवलं. "ह्ये न्हवं रं बाबा. त्या दिशीचं वाजीव." मी सांगितलं, आमचं वाजवणं पुन्हा तसंच कधीच होत नाही. दादासो म्हणाले, "आवं, एकदा झालं न्हवं? मग दुसऱ्यांदा का हुईना?" प्रश्न तात्त्विक आहे. विचार करून उत्तर देईन.
मल्हारच्या भावाने, पप्पूने, त्या दिवशीचं सगळं मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं निघालं. गावातली पोरं ते शिट्टीवर वाजवतात.

२६ जानेवारी
मल्हार आणि शिवतेजनी त्या दिवशीचं सगळं पाठ केलं. मी बजावलं, हा फ्री जॅझचा खून आहे. शिवतेज म्हणाला, "गड्या, आता कुठं कळाया लागलंय मला." मी पाठ करणार नाही.

२ फेब्रुवारी
पाठ झालं. आपोआप झालं. आता काहीही सुचेल ते वाजवायला जावं तर तेच वाजतं.
पुण्याला कळवलं, ग्रुप ग्रामीण भागात संशोधनात अडकला आहे. त्यांनी उत्तरात नुसता अंगठा पाठवला. वाईट वाटलं. बाथरूममध्ये नळ सोडून रडलो. बायकोला, राजनंदिनीला, सांगितलं, तर म्हणाली, "आमचे दादा पयल्यांदाच चारचौघांत 'माझा जावई' म्हणायला लागल्यात. जरा गप ऱ्हावा की."
राजीनामा जत्रेनंतर.

८ फेब्रुवारी
देवळासमोर रंगीत तालीम. एक सूर इकडचा तिकडे झाला नाही. बनाबाई डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर मान हलवून म्हणाल्या, "समदं बरूबर हाय. पर मधी तू खोकला हुतास, त्ये न्हाई आलं. तितंच तर देव आला."
रेकॉर्डिंग लावलं. खरंच आहे. माळावरची धूळ घशात गेली होती.
दुपारपासून खोकल्याची प्रॅक्टिस चालू आहे. दोन बारीक, मग एक मोठा. शिवतेज म्हणतो, मोठ्याला मी अजून जरा लवकर येतोय.