माझ्या गावाची मोजणी

९ जानेवारी, चंद्रपूर
पारखी सरांनी आज भर वर्गात विचारलं, "मडावी, तुझं गाव आलापल्लीकडं ना? गोंडी येते?" येते म्हटलं. सगळे वळून बघायला लागले.
आर्किटेक्चरच्या थर्ड इयरला एक गाव घेऊन तिथली घरं टेप लावून मोजायची आणि त्यांचे नकाशे काढायचे असतात. यंदा आमचं गाव ठरलं. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. या वर्गात मी आजवर फक्त 'ती गडचिरोलीची'. आता निदान...
खोलीवर शलाकाला सांगितलं. ती गोंडपिपरीची, आमच्याच कॉलेजात एक वर्ष पुढं. म्हणाली, "खुश काऊन होऊन राह्यली? तुले घेऊन चालले, का तुह्या गावाले पाहाले चालले?"
हिला सगळ्यातच खोट दिसते.

१० जाने.
आईचा फोन. पाहुणे किती, कोंबडी सगळ्यांना चालते का, बाहेर झोपतील का. ओसरी परत सारवणार म्हणाली. आमचं घर बघायला पहिल्यांदाच कोणी येतंय.

२१ जाने., गाव
फार राग आलाय. नीट लिहिता येत नाही.
सकाळी गट पडले. आमच्या गटाला काकाचं घर. मी टेप काढला, एक भिंत मोजली, तेवढ्यात सरांची हाक. "मडावी, ह्यांना विचार, हा खांब कोणत्या लाकडाचा." मग दुसऱ्या गटाकडं. मग तिसऱ्या. टेप गटातल्या आदित्यच्या हातात देऊन गेले ती गेलेच. दुपारी सरांना विचारलं, सर, मी कधी मोजू? हसून म्हणाले, "तुला काय, तुझंच घर आहे. कधीही मोजशील."
आई चुलीपुढं घामाघूम, आणि तिचे फोटो काढणं चालू. तिला कोणी विचारलं नाही. मला सुद्धा नाही.

२२ जाने., गाव
आज सरांना गावाच्या कडेची झोपडी दिसली. कुरमा. पाळी आली की आमच्याकडं बाया तिथं जाऊन राहतात. मीही राहिलेय, सुट्टीत आले की. मला ती झोपडी पटत नाही, त्यावरून आईशी कितीदा भांडण झालंय. पण ते भांडण आमचं.
सर म्हणाले, "हे फार दुर्मिळ आहे. याचा नकाशा हवाच."
आत सोमी बसलेली. माझी चुलतबहीण.
"सर, आत बाई आहे."
"मग थोडा वेळ बाहेर बसायला सांग."
दोन पोरं टेप घेऊन तयार उभी. सोमीनं आतून माझ्याकडं बघितलं आणि पदर तोंडावर ओढला.
"मी नाही सांगणार सर."
"मडावी, तू इथं आर्किटेक्चरची विद्यार्थिनी म्हणून आलीयस. भावनिक होऊ नको."
आता विद्यार्थिनी! कालपासून कोण होते मी?
मी झोपडीच्या तोंडाशी उभी राहिले. सर सगळ्यांना घेऊन पुढं गेले. आदित्य जाताना "सॉरी" पुटपुटला. कशाचं सॉरी ते त्याचं त्याला माहीत.
निघताना आईनं विचारलं, तू कोणतं घर काढलंस? दाखव ना.
काय दाखवू.

३ फेब्रुवारी
सबमिशन. प्रत्येकाचे स्वतःच्या हातचे कच्चे नकाशे हवेत. माझ्याकडं एक भिंत.
"सर, मी दोन्ही दिवस तुमच्यासोबतच होते. सगळ्या गटांचं..."
"बाकीच्यांनी केलंच ना काम? नियम सगळ्यांना सारखा. तुला वेगळा न्याय दिला तर तो इतरांवर अन्याय. समानता म्हणतात ती हीच."
प्रत्यक्ष मोजणीला शून्य. म्हणजे विषय गेला, आणि पुढच्या वर्षाचा स्टुडिओ, म्हणजे डिझाइनचा मुख्य विषय, पण अडकला.

४ फेब्रु.
भिंतीवर सगळ्यांची शीट्स लागलीत. बघून आले. काकाच्या घराच्या शीटवर खाली बारीक अक्षरात: 'माहिती: स्थानिक ग्रामस्थ'.
ती ग्रामस्थ मी! कुडाच्या भिंतीला माती किती थरांत लावतात, छपराचा उतार एवढा का ठेवतात, सगळं मी सांगितलं. यांच्या टेपमध्ये हे नव्हतं.
आणि देवाची खोली, जिथं काका कोणाला चप्पल घालून जाऊ देत नाही, तिथं लिहिलंय 'स्टोअर'. दोनदा सांगितलं होतं मी. दोनदा.
मागून कोणीतरी बोललं, "तिला काय टेन्शन, कॅटेगरीत निघून जाईल." मी वळले तर सगळे शीट बघण्यात गुंग.

६ फेब्रु.
शलाका म्हणाली, तक्रार कर, कॉलेजात समान संधी कक्ष आहे. आम्ही दोघी फलक शोधत फिरलो. जिन्याखाली सापडला. अध्यक्ष: प्रा. पारखी.
शलाका आधी हसली. मग हसता हसता तिचा आवाज चढला. "म्हंजे त्याच्याच इरुद्ध त्याच्याचकडे अर्ज देवाचा? वा रे वा!" पहिल्या वर्षी ज्युरीत, परीक्षकांपुढं काम मांडताना, ती 'मले' म्हणाली म्हणून तिला 'आधी मराठी शिकून ये' म्हणणारे पण हेच सर. मला हे आज कळलं. इतके दिवस एका खोलीत राहतो आणि तिनं कधी सांगितलं नव्हतं.

१२ फेब्रु.
प्राचार्य मॅडमनी बोलावलं. मला वाटलं, शेवटी ऑफिसात त्यांच्याच नावे दिलेला अर्ज पोचला. तर म्हणाल्या, तपासणीला समिती येतेय, 'सर्वांसाठी वास्तुकला' असा कार्यक्रम आहे, दिवा लावायला तू उभी राहा. "तुमच्याकडची ती साडी, दागिने असतील ना?"
मी म्हटलं, मॅडम, माझा अर्ज वाचला का?
"हो हो, ते बघू. आधी हे होऊ दे."
नाही उभी राहणार म्हटलं. मॅडमना खरंच वाईट वाटलं, चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांना वाटत होतं त्या माझा मान करतायत. याचा राग करावा की काय करावं, कळेना.

२४ फेब्रु.
मॅडमनी परत बोलावलं. "मी ग्रेस मार्क देते. पास होशील. विषय मिटव."
"उपकाराचे मार्क नको मॅडम. मला मोजायला मिळालं नाही, एवढं लिहून द्या. आणि मोजायला वेळ द्या."
"बेटा, हुशार आहेस तू. कशाला नाव खराब करतेस?"
"कोणाचं?"
त्या फाइल बघायला लागल्या.
बाहेर येऊन जिन्यात बसले. पास झाले असते, घरी पेढे गेले असते, आणि मी...

१४ मार्च, गाव
कोणाची परवानगी न घेता आले. शलाका सोबत. एसटीनं आलापल्ली, तिथून काकाच्या गाडीवर तिघं.
मोहफुलं पडतायत, बाया पहाटेच रानात. आई परत आली आणि टेपचं दुसरं टोक धरून उभी राहिली. "आपल्याच घराला मोजून काय करतेस?" म्हटलं, तुला हवं होतं ना दाखवायला. मग तिनं भिंतीला पाठ लावून टेप असा घट्ट धरला की सोडेचना.

१५ मार्च, गाव
सोमीकडं गेले. आता ती घरी आहे. म्हटलं, कुरमा मोजू का? तू नाही म्हणालीस तर नाही मोजणार.
म्हणाली, त्या दिवशी मला वाटलं तू त्यांना आत आणतेस. मी रडले हे तिनं बघितलं आणि विषय बदलला.
मग स्वतःच म्हणाली, चल. अजून दोघी जणी आल्या. सोमीनं आत झोपून दाखवलं, पाय सरळ होत नाहीत. पावसात पाणी कुठून येतं ते दुसरीनं दाखवलं. "हे पण काढ," म्हणाल्या. काढलं. जमिनीवर सोमी जशी आखडून झोपते, तशी. नाव नाही लिहिलं, तिनं सांगितलं होतं नको.
शलाकाला गोंडी येत नाही. ती दोन दिवस गप्प बसून चहा पीत होती. मी मध्ये मध्ये तिला सांगत होते, आपणहून. त्याचा मला त्रास झाला नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

१९ मार्च, चंद्रपूर
शीट्स ऑफिसात दिली. संध्याकाळी परत. वर सरांची सही, 'मुदतीनंतर. स्वीकारता येत नाही.' गुंडाळी सोडलेली पण नाही, माझीच गाठ तशीच.
मी ती वर्गाच्या भिंतीवर लावली, बाकीच्यांच्या शेजारी. सर आले, म्हणाले काढ. नाही काढली.
"मी तुला पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला शिफारस देणार होतो. स्वतःच्या हातानं नुकसान करून घेतेयस."
"सर, एकदा बघा तरी."
बघितली नाहीत. बाकीचा वर्ग मात्र उभा राहून बघत होता. कुरम्याच्या शीटपुढं सगळ्यात जास्त वेळ.

२२ मार्च
आदित्य मेसबाहेर थांबला होता. त्याचे मार्क पारखी सरांच्याच हातात, म्हणून इतके दिवस तोंड चुकवत होता. एक कागद दिला. प्राचार्यांना लिहिलंय, 'टेप रजनी मडावीच्या हातात नव्हता, माझ्या हातात होता. सरांनी तिला दोन्ही दिवस भाषांतराला ठेवलं.' खाली सही. गटातल्या अजून एकीची पण.
म्हटलं, उशीर केलास.
"हो," म्हणाला. आणि जेवायला आत गेला. बरं झालं.

२८ मार्च
आदित्यचा कागद मॅडमकडं गेला आणि सुनावणी ठरली. सोमवारी, समान संधी कक्षापुढं. अध्यक्षच आरोपी, म्हणून मी आणि शलाका मॅडमकडं गेलो. तोडगा निघाला तो असा: सर अध्यक्षपद सोडतील, पण 'विषयाचे जाणकार' म्हणून खोलीत बसतील.
जाणकार!
शलाका टेबलावर हात आपटून म्हणाली, "मॅडम, जाणकार हे पोरगी आहे, तो नाई." मॅडम म्हणाल्या, आवाज खाली. शलाकानं नाही केला.

३० मार्च, सोमवार
नाही गेले तर लिहितील, तक्रारदार गैरहजर. गेले तर सरांसमोर सोमीबद्दल, कुरम्याबद्दल बोलावं लागेल, आणि ते मान डोलावत नोंदी घेतील.
आईला फोन केला. म्हणाली, तुला जे सांगायचं ते सांग, आमचं जे सांगायचं नाही ते सांगू नको. माझं कुठं संपतं आणि आमचं कुठं सुरू होतं ते तिला तरी माहीत आहे का? मला नाही.
मॅडमना काल विचारलं, दार उघडं ठेवू द्याल? बाहेर शलाका, आदित्य, बाकीचे बसतील. म्हणाल्या, तशी पद्धत नाही.
शलाका खाली हाका मारतेय. निघते. आत जाताना दार उघडंच ठेवणार आहे. त्यांनी लावलं तर परत उघडीन.