सील बसवायची नळी

अण्णा, आज मी एक शॉकअप उघडला. तुमच्या गॅरेजात दिवसाला चार उघडले जायचे, त्यात सांगण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. पण माझ्या हाताने पहिल्यापासून शेवटपर्यंत उघडलेला हा पहिलाच. गेली तेरा-चौदा वर्षं मी जर्मनीत शॉकअपचाच इंजिनिअर म्हणून पगार घेतोय. तुम्ही गेल्यालाही अकरा वर्षं झाली.

सायकल जुनी घेतलीय, डोंगरात चालवायची. आमच्या नेकारसुल्म गावाच्या मागे द्राक्षांचे मळे संपले की जंगल लागतं, तिथल्या मुळ्यांवरून आणि दगडांवरून उड्या मारत जाण्याची इथल्या लोकांना हौस आहे. चाळिशीला आल्यावर मलाही ती लागली. हल्ली मोठ्या चाकांची फॅशन आलीय, म्हणून सव्वीस इंची चाकांच्या चांगल्या चांगल्या सायकली लोक मातीमोल विकतात. शेजारच्या हाइलब्रॉन शहरातल्या एका म्हाताऱ्याकडून मी ती उचलली. पुढे मोटरसायकलसारखाच शॉकअप आहे, फक्त स्प्रिंगच्या जागी हवा भरायची. बाकी तेच सगळं, पाइप, तेल, सील. पण तो नीट दबेना. मोठ्या खड्ड्यात अर्ध्यावरच अडायचा आणि बारीक मुळ्यांवर तर हलायचाच नाही. मनगटं दुखून यायची.

मी काय केलं असेल? नेटवर तीन संध्याकाळी वाचत बसलो आणि डँपिंगचं, म्हणजे झटका जिरवणारं आतलं नवं युनिट मागवलं. सायकल केवढ्याची आणि ते युनिट केवढ्याचं, ते तुम्हाला सांगत नाही. वरचं टोपण काढून ते आत बसवलं, खालचे पाय, म्हणजे पाइप ज्यांत सरकतात ती नळकांडी, न उघडताच. काही फरक पडला नाही. सोमवारी ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला मी सगळं रंगवून सांगितलं, आलेख काढून दाखवला. तो साठीचा माणूस, पोरवयापासून सायकली खोलतोय. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, खालचं तेल कसं होतं?" मी म्हटलं, "खालचं उघडलं नाही." तो म्हणाला, "मग तुला कसं कळलं, काय बिघडलंय ते?"

माझे कान तापले. हीच गोष्ट मी मिरजेत ऐकली होती, तुमच्याकडून, मार्केट यार्डाच्या रस्त्यावरच्या त्या गाळ्यात. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष होतं, सुट्टीत मी गाळ्यावर येऊन नाकाने कांदे सोलत बसायचो. एका दूधवाल्याची गाडी आली, पुढून तेल गळत होतं. मी उभ्या उभ्या त्याला सांगून टाकलं, पुढचा अख्खा फोर्क बदलावा लागेल. त्याचा चेहरा पडला. दोन म्हशींच्या दुधावर घर चालवणारा माणूस तो. तुम्ही ग्रीसचे हात पुसत आलात, गाडी स्टँडवर घेतलीत. वर्तमानपत्र अंथरलंत. एकेक भाग निघेल तसा डावीकडून उजवीकडे मांडत गेलात. जुनं तेल काचेच्या ग्लासात ओतलंत, उजेडाला धरलंत, वास घेतलात, चिमटीत घेऊन चोळलंत. मग दोन सील बदललेत आणि नवं तेल मापून घातलंत. दूधवाला हसत गेला. तो गेल्यावर तुम्ही माझ्याकडे बघून एवढंच म्हणालात, "उघडल्याबिगर बोलायचं न्हाई." मला इतका राग आला होता, की दोन दिवस मी गाळ्यावर फिरकलो नाही.

आज शनिवार. दुपारी केलरमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या आमच्या तळघरातल्या खोलीत, मी सायकल उलटी केली. वर्तमानपत्र अंथरलं. दोन्ही पायांतून मिळून चमचाभर काळं पाणी निघालं, त्याला तेल म्हणवत नाही. सीलच्या आत फोमच्या कड्या असतात, त्या तेल पिऊन पाइप ओला ठेवतात. त्या कोरड्या ठक्क होत्या. सीलच्या कडा तडकलेल्या. हवेच्या कप्प्यात आधीच्या मालकाने रबराचे तीन ठोकळे भरून ठेवले होते, त्याने शॉकअप शेवटाकडे कडक होतो. तो माणूस वजनाने असेल माझ्या दीडपट, मला एकच पुरे. दोन सील, दोन कड्या, थोडं तेल. एवढ्यानेच काम होणार होतं. नवं युनिट घ्यायची गरजच नव्हती, आणि तुम्हाला ते ग्लासातल्या तेलाच्या वासावरून कळलं असतं.

नवी सील सरळ बसवायला हत्यार लागतं. ते माझ्याकडे आहे. ते हत्यार तुम्हाला माहीतच आहे.

मी पहिल्यांदा जर्मनीला निघालो त्या आठवड्यात तुम्ही शेजारच्या लेथवर जाऊन ती नळी करून आणलीत. एका टोकाला खाच, दुसरं टोक सपाट, हातोडी मारायला. तुम्हाला वाटत होतं, परदेशात शॉकअपचं काम म्हणजे तिथेही दिवसभर सीलच बसवायची. मी समजावलं, अण्णा, मी कॉम्प्युटरवर टेस्टिंग बघणार आहे. तुम्ही म्हणालात, "असू दे की. आपलं हत्यार आपल्याकडं असावं." फडक्यात गुंडाळून तुम्ही ती कपड्यांच्या मधे ठेवलीत. तुम्ही अंघोळीला गेल्यावर मी ती काढली आणि माळ्यावर रजयांच्या मागे सरकवली. विमानाला वीस किलोची मर्यादा होती.

दिवाळीच्या सुमारास मी फोनचं कार्ड खरवडून फोन केला, तेव्हा आईनंतर तुम्ही फोन घेतलात. तुम्ही फोनवर कधी फार बोलायचा नाहीत.

"ती नळी लागली का कामाला?"

"हो अण्णा, कालच लागली."

"बसलं सील नीट?"

"एकदम. साहेबांना दाखवली, त्यांना आवडली."

"बरं झालं," तुम्ही म्हणालात, आणि फोन आईकडे दिलात. पुन्हा कधी तुम्ही नळीचं नाव काढलं नाहीत. मला वाटलं, विसरलात.

मग तिसऱ्या वर्षी तुम्ही दुपारी जेवून आडवे झालात ते उठलाच नाहीत. मी पोचलो तोवर सगळं होऊन गेलं होतं. गाळा रिकामा करायला गेलो, तर तुमच्या पाने-हातोड्यांच्या वर, वेगळ्या खिळ्याला, ती नळी अडकवलेली. स्वच्छ, तेलाचा हात फिरवलेली. मी आईला विचारलं. आई म्हणाली, "तू गेलास आन् आठच दिवसांत रजया उन्हात घालाय काढल्या, तवा मिळाली. ह्यांनी पुसली, आन् मला म्हणाले, पोराला काय सांगू नगंस."

म्हणजे तुम्ही विचारलंत तेव्हा ती तुमच्याकडेच होती. साहेबांना आवडल्याचं मी सांगत होतो तेव्हाही. तुम्ही मला खरं बोलायला जागा करून दिली होतीत आणि मी तुम्हाला आणखी एक गोष्ट रचून सांगितली. अण्णा, मला त्या दिवसाची लाज अजून वाटते. आईला मी तेव्हा म्हटलं, "वजन जास्त झालं होतं गं बॅगेचं." ती म्हणाली, "असंल."

त्या खेपेला ती नळी मी बरोबर आणली होती, आज पहिल्यांदा वापरली. किंचित सैल झाली, म्हणून चिकटपट्टीचे दोन वेढे घातले, तुम्ही घातले असतेत तसे. हातोडीचे चार हलके टोले, आणि सील सपाट जाऊन बसलं. दुसरंही बसलं. कड्या तेलात भिजवल्या, पाय चढवले, माझ्या वजनाइतकी हवा भरली. सायकलवर भार टाकून बघितला. शॉकअप आवाज न करता खाली गेला आणि तसाच वर आला. मी वर्तमानपत्रावर बसून रडलो. वरच्या मजल्यावरची बाई कपडे वाळत घालायला केलरमध्ये आली आणि तशीच परत गेली.

हे पत्र कुठे टाकणार? हत्यारांच्या पेटीत ठेवतो, नळीच्या फडक्यात. पण ठेवण्याआधी वरची एक ओळ सुधारायला हवी. वीस किलोची मर्यादा होती हे खरं. पण निघायच्या सकाळी बॅग तुम्हीच खांद्यावर घेऊन शेजारच्या आडत दुकानातल्या काट्यावर ठेवली होतीत, आणि आईला हाक मारून म्हणाला होतात, "अठराच भरतंय, अजून चिवडा घाल." नळी तेव्हा माळ्यावर होती. वजनाचं कारण नव्हतं, अण्णा. तिथल्या लोकांनी बॅगेत ती पाहिली असती तर मी मिस्त्रीचा मुलगा आहे हे त्यांना कळलं असतं, म्हणून काढली. तुम्ही काटा बघितला होतात, तेव्हा हेही तुम्हाला माहीत असणार.