पाहून झालं

रविवार, ३ तारीख
आलो बुवा एकदाचे! नवीन गाव, नवीन नोकरी आणि आयुष्यात पहिल्यांदाच स्वतंत्र दुमजली घर. ही अजून खोक्यांतून कढई शोधते आहे. सासूबाई खुर्चीत बसून कुठलं खोकं कुठे ठेवायचं याचे हुकूम सोडताहेत. आणि चिऊ, म्हणजे आमचं सहा वर्षांचं एकुलतं एक कन्यारत्न, जिन्यावरून वरखाली धावत सुटलं आहे. वरची छोटी खोली आपली, असं तिने बघताक्षणीच जाहीर केलं. तिथे छतावर ढग रंगवलेत आणि भिंतीवरच्या खुंट्या नेमक्या तिच्या हाताला येतील इतक्या खाली आहेत. घरमालकांना फोनवर म्हटलं, तुमच्या मुलाची खोली दिसते. ते म्हणाले, छे हो, लग्नच केलं नाही, मी या घरात कायम एकटाच राहिलो. असते एकेकाची आवड.

पण माझी खरी लॉटरी वेगळीच आहे. या एकट्या माणसाने खोलीखोलीत, भिंतींच्या आतून नेटवर्कच्या वायरी टाकून ठेवल्यात आणि सगळ्यांची दुसरी टोकं जिन्याखालच्या कपाटात आणून सोडलीत. एका कॉम्प्युटरवर सगळे सिनेमे ठेवायचे आणि घरातल्या कुठल्याही टीव्हीवर बघायचे, हे माझं कधीपासूनचं स्वप्न! भिंती फोडायचं काम वाचलं. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन.

बुधवार, ६ तारीख
सर्व्हर उभा राहिला! जुन्याच कॉम्प्युटरला भली मोठी हार्ड डिस्क लावली आणि तो कपाटात बसवला. लग्नातसुद्धा माझ्या तोंडावर एवढा आनंद नव्हता, असं हिचं म्हणणं. गंमत अशी की सिनेमा हॉलमध्ये अर्धा सोडायचा आणि दुसऱ्या खोलीत तिथूनच पुढे बघायचा. सासूबाईंनी लगेच परीक्षा घेतली. हिरॉईन रडत रडत आपल्या मागोमाग खोलीत आली, म्हणून त्या इतक्या हसल्या की ठसका लागला.

खोल्या चार, वायरी मात्र पाच निघाल्या. पाचवी कुठे जाते कोण जाणे. पण वायर नुसती लोंबकळताना मला बघवत नाही. जागा होती, तीही खुपसून टाकली. फुकट ते पौष्टिक.

शनिवार, ९ तारीख
आज घरचे सगळे व्हिडिओ सर्व्हरवर चढवले. आमचं लग्न, चिऊचा जन्म, पहिलं पाऊल, शाळेचा पहिला दिवस, वाढदिवस, सगळं. मग दोघांचे फोन पुसून मोकळे केले. एखादी प्रत राहू दे की, म्हणून ही कुरकुरली. मी ऑफिसात दिवसभर लोकांचे कॉम्प्युटर सांभाळतो, मला शिकवू नकोस, म्हणालो. संध्याकाळी सगळे मिळून पहिलं पाऊल बघितलं. चिऊ दोन पावलं टाकते, बदकन खाली बसते आणि स्वतःच टाळ्या वाजवते. हिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, उगाच खोटं कशाला बोलू?

सर्व्हरच्या यादीत एक पाचवा टीव्ही दिसतो आहे. त्या पाचव्या वायरीवरचा. कुणीतरी पूर्वी शेजाऱ्याकडे वायर नेली असणार. मी त्याचं नाव ‘फुकट्या’ ठेवलं. बघ बाबा, तूही बघ.

मंगळवार, १२ तारीख
एवढे सिनेमे आहेत, पण फुकट्या बघतो काय, तर फक्त चिऊचे व्हिडिओ. तेही थांबत थांबत, मागेपुढे करत. माझं डोकंच फिरलं. कोण परका माणूस माझ्या पोरीला असा टक लावून बघतोय? तडक शेजारी गेलो. म्हातारं जोडपं आहे, त्यांचा टीव्ही केव्हाचा बंद पडलाय. परत येऊन ती वायर उपटली. तरी यादीत तेच. फुकट्या पाहत आहे.

वायरमनला बोलावलं. त्याने यंत्र लावून तपासलं. म्हणाला, वायर भिंतीत जाते, पण बाहेर कुठेच निघत नाही. मग त्याने ती ओढून पाहिली. पलीकडून कुणीतरी धरून ठेवल्यासारखी लागते, म्हणाला आणि हसला. चहा मात्र तसाच टाकून गेला.

शुक्रवार, १५ तारीख
पहिल्या पावलाच्या व्हिडिओवर हिरवी खूण आली. ‘पाहून झालं.’ उघडला. फरशी आहे. चेंडू आहे. ये ये, शाब्बास, असा माझा आवाज आहे. चिऊ नाही.

फाइल बिघडली म्हणावं, तर बाकी सगळं जागच्या जागी. हिला दाखवला. रिकाम्या खोलीचं शूटिंग कशाला केलंस, म्हणून हसली. पहिल्या पावलाची आठवण दिली, तर म्हणाली, पोरं चालायला लागतात आपोआप, कधी ते कुणाला आठवतंय?

त्या दिवशी ही रडली होती. गेल्या शनिवारीसुद्धा रडली.

रविवार, १७ तारीख
आणखी हिरव्या खुणा. शाळेच्या व्हिडिओत ही फाटकाशी उभी आहे, बोटं वाकवून, काहीतरी धरल्यासारखी. बोटांत काही नाही.

दुपारी सासूबाईंनी तीनच ताटं वाढली. चिऊला आधी चेष्टा वाटली. मी ताट आणून तिच्यापुढे ठेवलं. सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं, पाहुण्यांच्या मुलीकडे बघावं तसं, आणि प्रेमाने विचारलं की बाळ, तुला न्यायला कधी येणार?

चिऊ ओक्साबोक्शी रडली. हिने मान वरसुद्धा केली नाही. मला भीती वाटते. फार भीती वाटते.

सोमवार, १८ तारीख
सर्व्हर बंद केला. डिस्क काढून ऑफिसात नेली, तिथे लावून बघितली. चिऊच्या सगळ्या व्हिडिओंवर हिरव्या खुणा. फक्त वाढदिवस उरलाय, तोही अर्धा सरकलाय. प्रत काढली. प्रतीत ती नाही.

हात दाखवून अवलक्षण. मीच वायर लावली. फोनही मीच पुसले.

रजा टाकून घरी आलो. चिऊ मांडीवर आहे. आई माझ्याकडे बघत का नाही, विचारते. काय सांगू? वजन लागत नाही तिचं. जे आठवतं ते लिहून ठेवतो. हसताना डोळे मिटतात. दुधाची मिशी पुसू देत नाही. जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून उडी मारते. उजव्या गालावर तीळ — की डाव्या? — बघतो — आत्ता तर मांडीवर —

मंगळवार, १९ तारीख
डिस्क माझ्या हातात. हॉलचा टीव्ही आपोआप लागला. वाढदिवस. रेघ पुढे सरकते आहे. प्लग काढला — चालूच — मेणबत्त्या — गाल फुगवलेत तिने — नको फुंकू गं — नको ना — चि —

रविवार, २४ तारीख
निवांत रविवार. ही, सासूबाई आणि मी, तिघांनाच एवढं घर म्हणजे ऐसपैसच म्हणायचं. वरच्या छोट्या खोलीत अडगळ टाकावी म्हणतो. दाराशी कुणाची तरी इवलीशी चप्पल पडली होती, भंगारात काढली. आज उगाचच सोफ्यावर मांडी घालून बसून होतो, कुणीतरी येऊन बसणार असल्यासारखा. वय झालं बहुतेक!

सर्व्हर पुन्हा जोडला, झकास चालतोय. फुकट्याने आता लग्नाचा व्हिडिओ लावलाय, संपतच आला. मीही थोडा बघितला. फोटोग्राफर अगदीच अडाणी. मी एका कडेला उभा आणि माझ्या शेजारी ही भली मोठी रिकामी जागा.

आतून कुणी बाई जेवायला हाक मारते आहे. आवाज ओळखीचा वाटतो. उठून विचारायला हवं, कोण हवंय म्हणून. या घरात तर मी कायम एकटाच —