दगडफूल मोडलं ते दिवस

१४ जानेवारी
काल महादेवपुऱ्याचा हॉल भरला. पाच वर्षं लोक हसले, घरातल्या मराठीत, कानडी मिसळून कुणी असला दणदणीत रॉक वाजवतं का म्हणून. काल तेच आमच्या बँडच्या नावानं ‘दगडफूल, दगडफूल’ ओरडत होते. निखिलची गिटार, माझे ड्रम्स, आणि गायला अण्णा. दिवसभर शिलाई मशीनवर वाकलेला माझा भाऊ स्टेजवर मलाच ओळखू येत नाही. हातांना फोड. ऑफिसात टाइप करवेना.

२ फेब्रुवारी
अण्णाचा आवाज अजून बसलेलाच. “स्वल्प धरलाय घसा. होईल सरी, बरा होईल.” तीन आठवडे हेच ऐकतेय.

१९ फेब्रुवारी
कॅन्सर. स्वरयंत्र काढावं लागेल. नंतर गळ्याला मशीन टेकवून बोलता येईल म्हणे. गाण्याचं त्यानं विचारलंच नाही. मीही.

६ मार्च
उद्या ऑपरेशन. के. आर. पुरमच्या तालमीच्या खोलीत अण्णानं आमची नऊच्या नऊ गाणी सलग म्हटली. आवाज फाटत होता. निखिलनं रेकॉर्ड करायला फोन काढला. “आत ठेव,” अण्णा म्हणाला.

२८ एप्रिल
निखिल बेळ्ळंदूरहून मुद्दाम आला. नवा गायक मिळालाय, विनीत. “वैशू, थांबलो तर संपलो.” अण्णानं कागदावर लिहून दिलं: वाजवा.

१७ मे
विनीतबरोबर पहिला शो. अण्णा पुढच्या रांगेत, गळ्याला रुमाल. विनीत चांगला गायला. तेच सोसवेना. तिसऱ्या गाण्यात अण्णा उठून बाहेर गेला. मी बघितलं. आणि वाजवत राहिले.
घरी वहिनी: “तू तरी थांबायचंस.”

१८ मे
अण्णाच्या शिलाईच्या दुकानात गेले. अण्णानं मान वर केली नाही. मशीन चालूच.

३० मे
निखिलला सांगितलं, मी नाही वाजवणार. “मग बँड कसला? तुझ्या अपराधीपणापायी सगळ्यांनी मरायचं?” मीही वाटेल ते बोलले. तो अण्णाच्या आजारावर नाव कमावतोय, असंसुद्धा. विनीत दारात उभा, त्याचा काय दोष. तासाभरात सगळं मोडलं. ड्रम्स टेम्पोत घालून आणले.

११ जून
अण्णा आज पहिल्यांदा गळ्याला मशीन लावून बोलला. सपाट, पत्र्यासारखा आवाज.
“बँड का मोडलास?”
“तू उठून गेलास ना.”
“रडू येत होतं. रडलो की गळ्याच्या भोकातून घरघर होते. लोकांना ऐकू गेली असती.”
इतके दिवस तो रागावलाय म्हणून...
“दुकानात बोलला नाहीस.”
“लाज वाटली.” मग म्हणाला, “निखिलला फोन लाव.”
लावला. निखिलनं उचलला. मी काही बोलायच्या आत अण्णानं फोन ओढून घेतला, मशीन गळ्याला टेकवलं.
“निखिल, मी बोलतोय.”
पलीकडून निखिलचा आवाज, “कोण?”