लॅपटॉप ऐंशीच्या पुढे जाईना

८ एप्रिल, मंगळवार
आले: लॅपटॉप एक, वापरलेला. चार्जर एक, वायरीसकट. माउस एक, फुकट दिला (का?).
दिले: साडेअठरा हजार, रोख. बिल हाताने लिहिलेलं. बॅटरीबद्दल त्यात एक अक्षर नाही.

दुकान पिरंगुटचं, अनीसचं. त्याच्याच घरून आमच्या नाझियासाठी लग्नाचा पैगाम आलाय. आम्ही अजून हो नाही, ना नाही. मीच ह्यांना म्हटलं, लॅपटॉप तिथूनच घ्या. वस्तू कशी देतात त्यावरून माणसं कळतील. हे हसले. म्हणाले, "सोयरीक करायची का तपासणी?" दोन्ही. जांबेच्या स्थळाच्या वेळी तपासलं नाही. साखरपुडा झाल्यावर कळलं की मुलाची नोकरी कधीच सुटलेली. तेव्हा सगळे म्हणत होते, चांगली माणसं हायेत.

नाझियाचं काम १५ पासून. हिंजवडीचं ऑफिस, घरी बसून बिलं चढवायची. तीन महिने बघणार, मग कायम. आमच्या कोळवणात लाईटचा भरवसा नाही, म्हणून बॅटरी चांगली पाहिजे. बिस्मिल्ला म्हणून मीच बटण दाबलं.

९ एप्रिल
ऐंशी टक्के. पुढे जाईना. पिन काढली, घातली. ऐंशीच. भात टाकला, उतरवला, भांडी झाली, येऊन बघितलं. ऐंशी.
नाझियाला विचारलं. म्हणाली, असू दे अम्मी. इतकं सहज कसं असू दे?

११ एप्रिल, जुम्मा
हे कारखान्यातून नमाजला गेले तेव्हा दुकानात डोकावले. अनीसचं म्हणणं असं: ऐंशीला थांबते ते बरोबर. कायम पूर्ण भरलेली ठेवली आणि वर वायर लावूनच ठेवली की बॅटरी लवकर म्हातारी होते. पार संपवून बंद पाडली तरी तेच. वीस-ऐंशीच्या मध्ये ठेवावी. लाईट जाणार असं आधी कळलं तर त्या दिवसापुरती शंभर करावी, सेटिंग असतं. उन्हात, गरम जागी ठेवू नये. ह्यांचं समाधान झालं.
माझं नाही. हंडा विकायचा आणि वर सांगायचं, पाऊण भरा, जास्त टिकेल. मग पैसे पण पाऊणच घ्यायचे होते.

१२ एप्रिल
लॅपटॉपला गवसणी शिवली. कुराणशरीफचं कापडी जुजदान शिवते तशीच, पण आत जुन्या दुलईचा कापूस घालून. आमच्या अम्मीच्या घरी इल्मची, विद्येची, कुठलीच वस्तू उघडी ठेवत नसत, शाळेची पुस्तकंसुद्धा. हिरवी छीट उरलेली होती, विकत काही आणलं नाही. चार्जरच्या वायरीसाठी कडेला काज केलं, म्हणजे गवसणी न काढता चार्ज होईल. धूळ नाही, पाल नाही.
नाझिया म्हणाली, "आता याला टोपी पण घाला."

१५ एप्रिल
काम सुरू. सकाळी तासभर लाईट नव्हती, लॅपटॉप चालला. अल्लाचं शुक्र. दुपारी ती जेवायला उठली की मी गुंडाळून चार्जिंगला लावते. माझ्या हातात एवढं तरी.

१६ एप्रिल
आज ऐंशी पण नाही. दुपारभर वायर लावलेली, तरी बावीसवर अडकला. गवसणीत हात घातला तर भाकरी उलटताना तवा लागावा तसा चटका. संध्याकाळी वळीव, लाईट गेली. नाझिया बिलं चढवत होती, बघता बघता पडदा काळा. ऑफिसातल्या बाईंचा फोन आला. नाझिया "सॉरी मॅडम, सॉरी मॅडम" म्हणत ओट्यापाशी उभी. कामाच्या दुसऱ्या दिवशीच. असं आणखी झालं तर ठेवणार नाहीत, असं त्या स्पष्ट बोलल्या.
ह्यांना सांगितलं, पैगामला नकार कळवा. ज्याने मेलेली बॅटरी जिवंत म्हणून दिली त्याच्या घरी पोरगी द्यायची नाही. हे म्हणाले, रविवारपर्यंत थांब. थांबते.

१८ एप्रिल, जुम्मा
ते सेटिंग कुठे असतं दाखव म्हटलं. नाझियाने फार पटकन दाखवलं. एकदा पण शोधावं लागलं नाही. मग कळलं, ऐंशीवर तिनेच अडवून ठेवलंय, लॅपटॉप आला त्याच दिवशी. कुणी सांगितलं?
खाली बघून म्हणाली, "अनीसनी. मेसेज केलाता मी."
म्हणजे नऊ तारखेला मी पिन काढत-घालत होते तेव्हा हिला माहीत होतं. फोन दाखव म्हणायच्या आत तिने स्वतःच पुढे केला. सगळं वाचलं. चष्मा लावून, दोनदा. बॅटरी, टक्के, चार्जर कुठला, गरम होते का. बाकी काही नाही. सलामने सुरू, खुदा हाफिजने बंद. आत काही असतं तर रागवायला तरी सोपं गेलं असतं.
एका ठिकाणी हिने विचारलंय, बॅटरी नवी आहे ना? त्याचं उत्तर: नवी टाकलीये, पण कंपनीची नाही, दुसऱ्या मेकची आहे.
हे त्याने ह्यांना सांगितलं नव्हतं. मला नाही. बिलात नाही.

२० एप्रिल, रविवार
हे अनीसला गाडीवर बसवून घेऊन आले. पहिल्यांदा जवळून बघितला. बारीक आहे, कॉलर घासलेली पण धुतलेली. चप्पल बाहेर सरळ लावली. नाझिया आत. त्याने आत बघितलं नाही, हे मी बघितलं.
लॅपटॉप दुपारचा गवसणीतच होता, वायर काजातून गेलेली. त्याने वरून हात लावला, आणि तसाच ठेवला. मग विचारलं,
"चाची, चार्जिंगला असतानाबी असाच असतो?"
म्हटलं, असाच. धूळ बसत नाही.
गवसणी काढली, लॅपटॉप उचलून पाटावर ठेवला. पाऊण पेला चहा झाल्यावर सांगितलं. गरम झाला की तो स्वतःच चार्जिंग थांबवतो, बॅटरी जळू नये म्हणून. हवा लागली पाहिजे. गादीवर, दुलईवर नको, कडक जागी ठेवायचा. थंड झाल्यावर खुशाल गुंडाळा. आणि म्हणाला, मीच सांगायला पाहिजे होतं, सगळीच लोकं कशावर ठेवतात ते मला म्हायती हाय.
गवसणीची घडी घालून माझ्या हातात दिली. टाके बघितले. हसला नाही. हे मात्र हसले, तिकडे तोंड करून.
मग मी विचारलं, बॅटरी कंपनीची नाही हे का बोलला नाहीस.
"चाचांनी इचारलं असतं तर सांगितलं असतं. नाझियानी इचारलं, तिला सांगितलं. खोटं न्हाई बोललो, चाची."
"आन् कुणी इचारलंच न्हाई तर?"
त्याने चहा संपवला. उठताना म्हणाला, कंपनीची मागवून टाकून देतो, पैसे नकोत. मी म्हटलं, ते नंतर.

२१ एप्रिल
लॅपटॉप पाटावर उघडा. ऐंशीला गेला, गार. दुपारी लाईट नव्हती, नाझियाचं काम अडलं नाही. बाईंनी फोन केला नाही. म्हणजे बॅटरी ठीक. वस्तूबद्दल आता काही म्हणणं नाही.
पण खोटं न बोलणं वेगळं आणि सांगणं वेगळं. उद्या घरात काही झालं, पगार झाला नाही, दुकान चाललं नाही, तर माझ्या पोरीने रोज उठून बरोबर तोच प्रश्न विचारायचा का? आणि तिला प्रश्नच माहीत नसला तर?
हे सगळं ह्यांना बोलून दाखवलं. ह्यांनी पेपर खाली ठेवला.
"आपण त्यांना जांबेचा साखरपुडा मोडल्याचं सांगितलंय का?"
"त्यांनी कुटं इचारलं?"
माझ्या तोंडून निघून गेलं. ह्यांनी पेपर परत वर धरला. हे रागावले असते तर बरं.
रात्री इशाची नमाज झाल्यावर मी बराच वेळ मुसल्ल्यावरच बसले. नाझियाने आतून विचारलं, अम्मी, पाय दुखतोय का. नाही म्हटलं.

२२ एप्रिल
अनीसच्या अम्मींना पत्र लिहिलं. फोन नको, त्यांचा फोन अनीसच्याच हातात असतो, मधे तो आला की बोलणं बदलतं. आणि कागदावर लिहिलेलं मला परत घेता येत नाही, ते बरं. नाझियाला वाचून दाखवलं. "पाठवा," म्हणाली, आणि पाकिटाला डिंक तिनेच लावला. तिच्या मनात काय आहे ते विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं. संध्याकाळी विचारेन. नक्कल ठेवते:

अनीसच्या अम्मींना सलाम. तुमच्याकडचा लॅपटॉप चांगला चालतो. मधे गरम व्हायचा, ती चूक माझी, मी त्याला दुलईची गवसणी घातली होती. अनीसने न हसता सांगितलं. बॅटरी दुसऱ्या मेकची आहे हे त्याने नाझियाला सांगितलं, आम्हाला नाही, कारण आम्ही विचारलं नाही. ते मनाला लागलं होतं. पण आमच्याकडूनही एक राहिलंय. नाझियाचा साखरपुडा आधी एकदा जांबेला झाला होता. आम्ही मोडला. मुलाची नोकरी सुटलेली होती, आणि ते त्यांनी लपवलं होतं. पोरीचा काही दोष नाही. तुम्ही विचारलं नाही म्हणून आम्ही बोललो नाही. आता न विचारता सांगितलं. हे वाचून पैगाम मागे घ्यावासा वाटला तर घ्या, आमचं वाईट वाटून घेणं आमच्यापाशी राहील. आणि नाही घेतला, तर घरात, दुकानात, अनीसच्या तब्येतीत, आम्हाला विचारायचं सुचणार नाही असं काही असेल तर तेवढं उलट टपाली कळवावे.